बोरीच्या पट्ट्या घेऊन गोरेगावला

मंडईत बोरं घेताना आपण एक उचलून तोंडात टाकतो आणि गोड लागलं की पाव किलो घेतो. जात ओळखायची ही पद्धत वाईट नाही. पण कुणी कुणाला कुठलं झाड काय सांगून विकलं यावरून भांडण लागलं, की चव कामाला येत नाही. मग आमच्यासारख्यांकडे पाकिटातून पानं येतात. पुण्यात मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे आम्ही ती पानं कुटतो, त्यातला डीएनए वेगळा काढतो, त्याचे ठरावीक तुकडे वाढवून एका पारदर्शक, जेलीसारख्या वडीतून विजेने पळवतो आणि खास दिव्याखाली धरतो. मग नारिंगी पट्ट्या दिसतात. एका जातीची कलमं म्हणजे खरं तर एकच झाड अनेक जागी उभं असतं, त्यामुळे त्यांच्या पट्ट्या हुबेहूब सारख्या येतात. जात वेगळी असेल तर पट्ट्या वेगळ्या. काम सांगायला सोपं आहे.

हिंगोली जिल्ह्यातून आलेलं प्रकरणही सोपंच वाटलं होतं. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावला संपत खिल्लारे नावाच्या गृहस्थांची छोटी रोपवाटिका. त्यांनी जवळच्या एका तांड्याला बोरीची कलमं विकली. तिसऱ्या वर्षी झाडांना बोरं लागली ती बारीक आणि आंबट, शेळ्याच खातील अशी. खिल्लारेंनी कलम म्हणून रानातली रोपं गळ्यात मारली, अशी तांड्याने तक्रार केली. कृषी खात्याच्या साहेबांनी तांड्यातल्या झाडांची आणि खिल्लारेंच्या मूळ झाडाची पानं आमच्याकडे पाठवली. पट्ट्या जुळल्या नाहीत.

"जुळत नाही, एवढं लिहा आणि द्या पाठवून," आमचे प्रमुख म्हणाले. मी लिहिलंही. पण एक गोष्ट मला चैन पडू देईना. तांड्यातली झाडं खिल्लारेंच्या झाडाशी जुळत नव्हती, तशी ती एकमेकांशीही जुळत नव्हती. खिल्लारेंनी दुसऱ्या कुठल्या हलक्या जातीची कलमं दिली असती, तर निदान ती आपापसात तरी सारखी निघाली असती. इथे प्रत्येक झाड निराळं होतं, म्हणजे प्रत्येक झाड बीपासून उगवलेलं. याचे दोन अर्थ होत होते. एक तर खिल्लारेंनी चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे फुटू पाहणारा कोंब, न बांधता रानटी रोपंच विकली. किंवा कलम खरं होतं, पण वरचा डोळा मेला आणि खालचा खुंट, म्हणजे ज्यावर तो बांधला ते गावठी रोप, वाढून बसला. पट्ट्यांना या दोन्हींतला फरक कळत नाही. पहिल्यात माणूस लबाड ठरतो, दुसऱ्यात ठरत नाही. अहवालावर सही माझी होती.

मी मुळातच काळजीखोर. गॅस बंद केलाय का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत जाणारी. साहेब तांड्यावर जाऊन निकाल सांगणार होते, तेव्हा मी हजर असावं म्हणून सुट्टी काढली, अहवाल पिशवीत घातला आणि निघाले.

सेनगावच्या वाटेवर

हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती, आणि तिथल्या स्टँडबाहेरचे जीपवाले गावाला अजून कौतुकाने "जिल्हा" म्हणत होते. जीपमध्ये किती माणसं बसतात या प्रश्नाला तिथे उत्तर नाही. ड्रायव्हर मला म्हणाला, "मॅडम, जरा दबून बसा, एक सवारी येऊन राहिली." सवाऱ्या येतच राहिल्या. पुण्यात कुणाचा कोपर लागला तर आपण कपाळाला आठी घालतो. इथे माझ्या शेजारच्या बाईंनी आपलं लेकरू सरळ माझ्या मांडीवर दिलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसल्या.

बाहेर तूर निघून गेली होती, नुसती खोडं उरली होती. करडई पिवळी झाली होती आणि बांधावर पळस फुलायला लागला होता. मला हे सगळं आवडायला हवं होतं. पण पुसेगावच्या अलीकडे टायर बसला, सगळे खाली उतरले, आणि एका पागोटेवाल्या आजोबांनी मी कुठे निघाले ते विचारलं. बोरीच्या कामाला गोरेगावला, असं मी सांगितलं.

"त्या खिल्लारेकडं?" ते म्हणाले. "त्याच्याकडून रोपं नका घेऊ, बाई. डुप्लिकेट माल देतो."

"तुम्ही घेतली होती का?"

"म्या काहून घेतो? समदे म्हणून राहिले."

निकाल अजून माझ्या पिशवीत होता आणि तो रस्त्यावर आधीच लागून गेला होता. लेकरू पुन्हा माझ्याच मांडीवर आलं, आणि सेनगाव येईपर्यंत मी त्याच्या टोपीकडे बघत राहिले.

गोरेगाव

खिल्लारे पन्नाशीचे, उंच, थोडे वाकलेले. "जय भीम, मॅडम," म्हणून त्यांनी हात जोडले आणि माझी पिशवी घ्यायला पुढे आले. मी ती इतक्या घाईने मागे ओढली की त्यांनी हात खाली घेतला. अहवाल तिच्यातच होता ना. त्या ओढण्यावरून त्यांनी काय ओळखायचं ते ओळखलं असावं, असं मला नंतर दिवसभर वाटत राहिलं.

रोपवाटिका घराच्या मागेच होती. लिंबू, सीताफळ, बोर, पिशव्यांच्या रांगाच्या रांगा. बऱ्याच पिशव्यांमधली रोपं उंच वाढून वाकली होती, म्हणजे विक्रीची वेळ टळून गेली होती. कोपऱ्यात त्यांची मूळ बोर, भरलेली. त्यांनी एक फळ तोडून शर्टाला पुसून मला दिलं. पेरूसारखं करकरीत आणि भरपूर गोड. माझ्या पट्ट्यांतलं पहिलं झाड ते हेच. ते खाताना मला उगाच चोरी केल्यासारखं वाटलं.

ते डोळा कसा भरतात ते मी करून दाखवायला लावलं. गावठी बोरीच्या रोपाला जमिनीपासून वीतभर वर साल चिरायची, चांगल्या झाडाचा डोळा आत सरकवायचा, वर प्लॅस्टिकची फीत गुंडाळायची. डोळा फुटला की वरचं गावठी कापून टाकायचं. काम सराईत होतं. पण सराईत हात लबाडीही करू शकतात, असं मी मनाला बजावलं. मी इथे कुणाची बाजू घ्यायला आले नव्हते.

जेवायला ज्वारीची भाकरी, वाळवून ठेवलेल्या तुरीच्या सोल्यांची आमटी आणि ठेचा. आमच्याकडे यजमान "घ्या ना, संकोच करू नका" म्हणत राहतात आणि पाहुणा नको नको म्हणत राहतो. इथे खिल्लारेवहिनींनी काही न विचारता दुसरी भाकरी ताटात टाकली आणि वर आमटी ओतली, नाही म्हणायला जागाच ठेवली नाही. ठेच्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. वहिनी पहिल्यांदाच हसल्या.

हात धुताना खिल्लारेंनी विचारलंच. "मॅडम, काय आलं निकालात?"

"ते उद्या साहेबांसमोरच सांगता येईल हो."

"बराबर हाय." त्यांनी हात पुसले. "नर्सरीच्या परवान्याचं न्हाई एवढं. परवाना गेला तं दुसऱ्याच्या रानात काम करीन. पर तांड्यातल्या लिंबीबाईनं भर बाजारात माझ्या नावानं शंख केला. तवापासून माझ्या पोरांला शाळेत डुप्लिकेट म्हणून राहिले. नावानं कोणी हाकच मारत न्हाई."

दुपार होती, वेळ होता. साहेब यायच्या आत मला तांडा एकटीने बघायचा होता, म्हणून मी जीप गाठली.

तांडा

जीप फाट्यावर सोडते, पुढे चालत. तांड्याच्या प्रमुखांनी, तिथे त्यांना नाईक म्हणतात, खाटेवर बसवून पाणी दिलं, चहा दिला, मग माझं काम विचारलं. पांढऱ्या मिशांचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी हाक मारली आणि लिंबीबाई राठोड आल्या. त्या साठीच्या असतील. तरण्या बायका तिथे साड्या नेसतात, लिंबीबाईंच्या अंगावर अजून आरशांची जुनी काचोळी आणि कोपरापर्यंत बांगड्या. सगळ्यात जास्त कलमं त्यांनी घेतली होती आणि सगळ्यात मोठा आवाजही त्यांचाच.

"आली का पुण्याची बाई? बघ ये माझी बोरं. खाऊन बघ. तीन वर्सं घागरीनं पाणी घातलं म्या. सुनेला पाणी कमी पडू दिलं, पर बोरीला न्हाई."

मी खाल्लं. तोंड वेडंवाकडं झालं. लिंबीबाईंनी कंबरेवर हात ठेवून नाईकांकडे बघितलं, झालं का समाधान, अशा नजरेने.

मी झाडाशी वाकले. कलमी बोरीला एकच खोड असतं. इथे जमिनीतूनच चार-पाच फांद्या वर आल्या होत्या, सगळ्या जोमदार, सगळ्या काटेरी. दुसरं झाड बघितलं, तिसरं बघितलं. बांधावर शेवटपर्यंत, शेजाऱ्यांच्या बांधांवरही तसंच. याचा अर्थ मला कळला.

"लिंबीबाई, ही झाडं कधी छाटली होती?"

"पयल्याच उन्हाळ्यात. बोर दर उन्हाळ्याला छाटा म्हणून रेडिओवर सांगत व्हते."

"कुठून छाटली?"

माझ्या अडाणीपणाची त्यांना कीव आली. "बुडातून. दुसरं कुटून? आमी लमाण, बाई. माझा आजा बैलांच्या पाठीवर मीठ-दाणे घालून फिरायचा. जितं मुक्काम, तितं बोरीच्या काट्याची कुपाटी, बैलाला वाघाचं भ्या असायचं. बोर बुडातून तोडावी, म्हंजी पुढल्या फेरीला दुप्पट फुटती. हे आमाला कोणी शिकवाया नगं."

खरंच होतं ते. रानच्या बोरीबाबत शंभर टक्के खरं. पण खिल्लारेंनी डोळा वीतभर वर बांधला होता, आणि विळा त्याच्या खाली चालला होता. गोड झाड तोडलं गेलं होतं आणि खालचा आंबट खुंट, शिकवल्याप्रमाणे, दुप्पट फुटला होता. त्यालाच त्या बाईने दोन वर्षं घागरीने पाणी घातलं.

मात्र हे सगळं डोळा खरंच बांधलेला असेल तर. रानटी रोप बुडातून तोडलं असतं तरी आज असंच दिसलं असतं. मी विचारलं, "तोडलेल्या फांद्या कुठे गेल्या?"

"कुठं जातील? कुपाटीला."

गोठ्याभोवतीची कुपाटी, म्हणजे काट्यांचं कुंपण, कमरेएवढी होती. दर उन्हाळ्यात वर नवा थर पडतो, म्हणजे मला हवं होतं ते खाली. मी पदर खोचून हात घातला. बोरीला दोन प्रकारचे काटे असतात, एक सरळ आणि एक आकड्यासारखा, हे मी पुस्तकात कितीदा वाचलंय. सरळ काटा टोचतो आणि आकडा हात बाहेर काढू देत नाही, हे त्या दिवशी कळलं. खालच्या काटक्या वाळवीने पोखरलेल्या होत्या, हातात घेतल्या की भुगा होत. नाईकांनी एक दांडकं आणून वरचा थर उचलून धरला. लिंबीबाई दूर उभ्या राहून माझ्या रक्ताळलेल्या हातांकडे बघत होत्या. ऊन उतरायला लागलं तसा माझा धीर सुटत चालला. काही सापडणार नाही, आणि उद्या मला "जुळत नाही" एवढंच वाचून खाली बसावं लागेल.

मग एक काटकी अखंड निघाली. खालचं टोक विळ्याने तिरपं कापलेलं. त्याच्या वर वीतभर खरखरीत साल, मग एक गाठ, गाठीच्या वर गुळगुळीत साल. गाठीत रुतून बसलेली प्लॅस्टिकची फीत.

मी ती लिंबीबाईंपुढे धरली आणि जोड कुठे, काप कुठे ते बोटाने दाखवलं. त्यांनी काटकी हातात घेतली, फिरवली, फीत नखाने उकरून बघितली. मग काटकी माझ्या हातात परत दिली आणि घरात निघून गेल्या. त्यांच्या सुनेने मला हळद आणून दिली, पण लिंबीबाई काही पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

तांडा, दुसऱ्या दिवशी

मुक्काम नाईकांच्या घरी झाला. सकाळी त्यांच्या सुनेने भाकरी वाढली, भाकरीला तांड्यात बाटी म्हणतात, सोबत हिरव्या हरभऱ्याची भाजी. माझ्या सुजलेल्या बोटांना घास धरवत नव्हता.

साहेब वेळेवर आले. खिल्लारे सायकलवर आले आणि माणसांपासून लांब, लिंबाखाली उभे राहिले. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. मी म्हटलं, तरी ते उभेच राहिले.

मी अहवाल वाचला. "जुळत नाही" हे शब्द आले तेव्हा तांड्यात एकदम गलका झाला. खिल्लारेंनी सायकलचं हँडल धरलं. "पुढे ऐका," मी ओरडले, आणि माझा आवाज चिरकला. मग सगळं सांगितलं, खोडं दाखवली, काटकी दाखवली.

साहेब सज्जन होते पण सावध. "मॅडम, ही काटकी खिल्लारेंच्याच रोपाची कशावरून? कुपाटीत काय, कोणीपण आणून खोचू शकतं. तुमच्या मशिनीत हिच्या पट्ट्या निघतील का?"

वाळून कोळ झालेल्या लाकडातून भरवशाच्या पट्ट्या निघत नाहीत. ते मला कबूल करावं लागलं. एवढ्या लांब येऊन, हात रक्तबंबाळ करून, माझं शास्त्र नेमकं इथे संपत होतं.

"मग हितल्या कोणीतरी सांगावं," साहेब म्हणाले. "झाडं कुठून कापली?"

पुरुष जमिनीकडे बघत होते. कलमं घेतलेल्या प्रत्येक घरात विळा तसाच चालला होता, हे मी आदल्या दिवशी बघितलं होतं. बोलायचं म्हणजे ज्या माणसाला लबाड ठरवलं त्याच्यासमोर आपलंच नुकसान आपण केलं असं सांगायचं. मला लाज वाटते सांगायला, पण मी मनातल्या मनात त्या सगळ्यांवर चिडले.

बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. "जोडाच्या खालून कापल्या."

लिंबीबाई होत्या. ओढणी पुढे ओढलेली, चेहरा दिसत नव्हता. "रोपाला गाठ व्हती. फीतबी व्हती. म्या पायली व्हती लावताना." एवढंच. माफी नाही, काही नाही.

साहेबांनी तक्रार निकालात काढली, परवान्याला धक्का लागला नाही. मला वाटलं, संपलं. पण नाईक उठले. तांड्यात आरोप खोटा ठरला की आरोप करणाऱ्याला दंड बसतो, आणि दंड काय तो ज्याच्यावर आरोप झाला त्याने सांगायचा असतो. "सांगा, खिल्लारे," ते म्हणाले. "तुमचा हक हाय."

खिल्लारेंनी सायकलच्या घंटीवर अंगठा फिरवला. "दंड नको, नाईक. पावसाळ्यात मी येतो, या खुंटावर परत डोळे भरून देतो. खुंट चांगले झाले हायत. फक्त एक करा. बाजारात बोलले व्हते, तं बाजारातच सांगा."

लिंबीबाई उठून गेल्या. आपल्या माणसांसमोर कबूल करणं वेगळं आणि दहा गावांच्या लोकांसमोर वेगळं. नाईक म्हणाले, "पाहू."

पुन्हा गोरेगाव

त्याच्या पुढच्या दिवशी गोरेगावचा बाजार होता. हिंगोलीची जीप दुपारी निघणार होती. त्यानंतर थांबले असते तर पुण्याची गाडी चुकली असती.

खिल्लारेंनी बाजाराच्या तोंडाशी, रस्त्याकडेला रोपं मांडली होती. लोक जाताना बघत आणि पुढे जात. शेजारी बांगड्यांचं दुकान, पलीकडे मिरच्यांचे ढीग. वहिनींनी मला स्टूल दिलं. मी बसले, उठले, पुन्हा बसले. प्रत्येक जीपमधून उतरणारी प्रत्येक रंगीत ओढणी मला लिंबीबाईंचीच वाटे. खिल्लारे एकदाही रस्त्याकडे बघत नव्हते. त्याच त्या पिशव्यांना पुन्हा पुन्हा पाणी घालत होते, इतकं की पाणी खालून वाहायला लागलं.

"आता कुठे येतात त्या," वहिनी शेवटी म्हणाल्या. "म्हातारं माणूस. जाऊ द्या."

हिंगोलीच्या जीपवाल्याने हॉर्न दिला. मी पिशवी उचलली, जीपपर्यंत गेले, एक पाय वर ठेवला, आणि मिरच्यांच्या ढिगाआडून त्या आल्या. एकट्याच. सुना नाहीत, नाईक नाहीत. काचोळीवरचे आरसे उन्हात चमकत होते. त्या खिल्लारेंच्या पिशव्यांसमोर, रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"ऐका रे," त्या ओरडल्या. "या माणसाची रोपं खरी व्हती. झाडं म्या मारली. माझ्या हातानं."

माणसं थांबली. बांगडीवाल्याला गिऱ्हाइकामुळे ऐकू आलं नव्हतं. त्याने मान वर करून विचारलं, "काय झालं, बाई?" त्या त्याच्याकडे वळल्या आणि सगळं पुन्हा म्हणाल्या, पहिल्यापेक्षा मोठ्याने, आवाज फाटेस्तोवर. मागून कुणीतरी नवा माणूस आला. "काय, काय म्हणून राहिली?"

लिंबीबाईंनी ओढणीने तोंडावरचा घाम पुसला आणि तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात खिल्लारे हातातली झारी टाकून रस्त्यावर आले.

"बस झालं, माय," ते म्हणाले. "ऊन लई हाय. सावलीत ये."